घाट चढता येतो, उतरायला शिकावं लागतं

गेल्या दोन महिन्यांत तीन वेगवेगळ्या गटांच्या बैठकीत आम्हाला एकच प्रश्न आला, म्हणून आजचं बोलणं त्यावरच. पन्नाशी-साठीतल्या बाईनं डोंगराच्या शर्यतीत नाव द्यावं का? दिलं तर तयारी कशी करायची? विचारणाऱ्या बहुतेक जणी पहाटे रस्त्यानं फिरायला जाणाऱ्या. त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "साताऱ्याची शर्यत बघायला गेले होते. माझ्या वयाच्या बायका घाटातून खाली येत होत्या. मी काय कमी चालते का?"

काकू कमी चालत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. पण चालणं आणि शर्यत यांत नेमका कुठं फरक पडतो, ते समजून घेऊनच नाव द्यावं.

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. अंतर २१.१ किलोमीटर. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्यानं काही अंतर जायचं आणि वळसा घेऊन त्याच घाटानं खाली यायचं. २०१५ साली एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सर्वांत जास्त लोक धावले म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली, २,६१८ जण होते. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढाचा, दुसरा अर्धा बहुतेक उताराचा. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

चढाची आपल्याला भीती वाटते. खरं तर आपल्याकडच्या थोरल्या बायकांना चढ नवा नाही. माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्या आज्या आपण पाहतो. शिखर शिंगणापूरला चैत्रात मुंगी घाटातून कावडी चढतात, त्या गर्दीत सत्तरीच्या म्हाताऱ्या दगडांवर हात टेकत वर जातात. चढाला हवा असतो दम आणि सबुरी, आणि सबुरी वयानं वाढते. तरुण पोरं घाटाच्या पायथ्याला सुसाट सुटतात आणि दुसऱ्या वळणावर कंबरेवर हात ठेवून उभी राहतात, हे कुठल्याही शर्यतीत बघायला मिळतं.

शिवाय चढ चालत गेला तरी कुणी बाद करत नाही. डोंगराच्या शर्यतीत चालायला बंदी नसते. अगदी उभ्या पायवाटेवर तर चालणंच परवडतं. साधारण १५-१६ अंशांच्या पुढचा चढ असेल, तर तेवढीच उंची तेवढ्याच वेळात चालत गाठायला धावण्यापेक्षा कमी ताकद लागते, असं शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. म्हणून मोठमोठे धावपटूही उभ्या चढावर मांड्यांवर हात ठेवून चालतात. डांबरी घाट इतका उभा नसतो, तिथं धावता येतं. पण दम लागला तर झपाझप चालावं, त्यात कमीपणा नाही. चढावर एकच कसोटी ठेवा. शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त झाला.

वयानं दम कमी होतो, हे मात्र खरं. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता दर दहा वर्षांनी साधारण १० टक्के घटते. जी बाई व्यायाम चालू ठेवते, तिची घट बरीच सावकाश होते. म्हणजे साठीची चालती बाई चाळिशीच्या बसून राहणाऱ्या बाईच्या पुढं जाऊ शकते. आमच्या पायांनी आम्हाला याचा पुरावा दिलेला आहे, तिशीतल्या असून आम्ही काकूंच्या मागे राहिलो होतो!

मग अडतं कुठं? अडतं मुदतीपाशी. प्रत्येक शर्यतीला एक ठरलेली वेळ असते, तिला कटऑफ म्हणतात. त्या वेळेत पोचलं नाही तर रस्ता खुला होतो, टेबलं उचलतात, पदक मिळत नाही. मुदत प्रत्येक शर्यतीची वेगळी, दरवर्षी बदलूही शकते, म्हणून नाव देण्याआधी ती विचारून घ्यायची. आपण उदाहरणापुरती चार तास धरू. वारीत भरभर चालणारी बाई तासाला पाच किलोमीटर चालते. या वेगानं २१.१ किलोमीटरला लागतात चार तास तेरा मिनिटं. म्हणजे उत्तम चालणारी बाई, कुठंही न थांबता, पाणी प्यायलाही न थांबता, तेरा मिनिटांनी हुकते. आणि घाट चढताना तिचा वेग पाचचा राहणार नाही, हे आलंच.

आता दुसरा हिशोब बघा. चढाच्या साडेदहा किलोमीटरला दर किलोमीटरला १३ मिनिटं धरली तर दोन तास सतरा मिनिटं होतात. हे चालत जमतं. उरलेल्या उताराला दर किलोमीटरला साडेनऊ मिनिटं धरली तर एक तास चाळीस मिनिटं. एकूण तीन तास सत्तावन्न. तीन मिनिटं हातात ठेवून बाई आत आली! साडेनऊ मिनिटं म्हणजे फार मोठी धाव नव्हे, हलक्या पावलांनी दुडकत जाणं. पण ते दहा किलोमीटर सलग, उतारावर, चढून दमलेल्या पायांनी करायचं असतं.

सांगायचं ते हेच. आपली शर्यत उतारावर ठरते. आणि वय पायांत कुठं दिसत असेल, तर तेही उतारावरच.

उतारावर दम लागत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. पण प्रत्येक पावलाला अंगाचं वजन खाली कोसळत असतं आणि मांडीचा पुढचा स्नायू ते धरून ठेवतो. धरताना तो आखडत नाही, ताणला जातो. भरलेली बादली विहिरीत सोडताना दोर हातातून सावकाश सोडायचा असतो ना, तसं. ओढण्यापेक्षा हे सोडणं स्नायूचे धागे जास्त दुखावतं. म्हणूनच गडावरून उतरल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. त्यात वयाची भर. तिशीनंतर स्नायू दर दशकाला ३ ते ८ टक्के झिजतात, आणि पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. चढावर पाय घसरला तर आपण हातावर पडतो. उतारावर घसरला तर खुबा नाहीतर मनगट मोडतं, आणि साठीनंतर खुबा मोडणं किती महागात पडतं हे आपल्या प्रत्येकीच्या गावात एकीनं तरी भोगलेलं आहे.

यात दिलासा एवढाच की स्नायू उतार पटकन शिकतो. पहिल्यांदा उतरल्यावर जेवढं दुखतं, त्याच्या निम्म्यानंही दुसऱ्यांदा दुखत नाही, आणि एका वेळच्या उतरण्याचा हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून सुरुवात अगदी थोड्यानं करा. पहिल्या खेपेला गावाजवळच्या टेकडीवरून अर्धा किलोमीटर फक्त भरभर चालत उतरा. मग तीन-चार दिवस सपाट रस्ता. दुखणं पूर्ण गेल्यावर पुन्हा तोच उतार, मध्ये एकेक मिनिट दुडकत. असं वाढवत न्यायचं. शर्यतीच्या आधी दहा-बारा दिवस शेवटचा मोठा उतार करा, त्यानंतर पायांना विसावा. टेकडी नसेल त्यांनी देवळाच्या पायऱ्या वापराव्यात. पण पायऱ्या चढून वर गेल्यावर बसून गप्पा मारायच्या आणि रिक्षानं खाली यायचं, असं करू नका. आपल्याला खालीच यायचं आहे.

उतरायची रीत वेगळी असते. आपण घाबरून मागे रेलतो आणि टाच आपटत उतरतो. त्यानं सगळा दणका गुडघ्याला बसतो आणि घसरायलाही होतं. पावलं लहान आणि भराभर टाका. गुडघा थोडा वाकलेला ठेवा. अंग मागे टाकू नका. हात अंगाशी आवळून न धरता थोडे मोकळे ठेवले की तोल राहतो. नजर पायांच्या बोटांवर न ठेवता दहा-बारा फूट पुढं ठेवा. नजरेवरून एक गोष्ट. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर खाली बघताना वाचायच्या भिंगातून बघणं होतं, जमीन अंधुक दिसते, पायरीचा अंदाज चुकतो. हे कुणी सांगत नाही. लांबचं दिसण्यापुरता साधा चष्मा जुना असेल तर उतारासाठी तोच वापरा.

घरात करायचे व्यायाम तीनच सांगतो. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसताना चार आकडे मोजत सावकाश बसायचं. बसणं महत्त्वाचं, धप्पकन बसलात तर व्यायाम वाया गेला. दुसरा, पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खालच्या पायरीला टेकवायचा आणि वर घ्यायचा, कठड्याला धरून. तिसरा, भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभं राहायचं, मग दुसऱ्या. आपल्या आईच्या पिढीची ही उठबस चुलीपुढं, जात्यापुढं आपोआप होत होती. ओटा आला, गॅस आला, कंबर सुटली, पण मांड्याही सुटल्या. ओटा नको असं आमचं म्हणणं नाही, एवढंच की ती उठबस आता वेगळी काढून करावी लागते.

"धावून गुडघे झिजतात" असं घरातले सांगतील. निरोगी गुडघा बेतानं धावल्यानं झिजतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. पण ज्यांना आधीच संधिवात आहे, गुडघा सुजतो किंवा अडकतो, त्यांनी हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उतारावर धावू नये.

आता थोडं लांबचं सांगतो, कारण थोरल्या वयाच्या स्पर्धकाशी कसं वागायचं याच्या दोन रीती त्यात दिसतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत वेस्टर्न स्टेट्स नावाची १०० मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरची शर्यत होते. मुदत ३० तास, सगळ्यांना सारखी. २०१५ साली गनहिल्ड स्वॉन्सन या ७० वर्षांच्या बाई त्यात उतरल्या. मध्येच वाट चुकून त्यांचा बराच वेळ गेला. शेवटी त्या २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांनी पोचल्या. सहा सेकंद राहिले होते! सत्तरीनंतर ती शर्यत पुरी करणाऱ्या त्या पहिल्याच बाई.

दुसरी रीत इंग्लंडची. तिथल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत जॉस नेलर नावाचे मेंढपाळ होते, २०२४ साली ८८व्या वर्षी वारले. आयुष्यभर मेंढरं राखली, तरुणपणापासून पाठीचं दुखणं, तरी डोंगर धावण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडे. सत्तराव्या वर्षी त्यांनी ७० डोंगरमाथे २१ तासांच्या आत पालथे घातले. त्यांच्या नावानं पन्नाशीपुढच्यांसाठी एक आव्हान आहे, ४८ मैल आणि ३० माथे. त्यात मुदत वयाप्रमाणे बदलते. ५० ते ५४ वयाला १२ तास, ५५ ते ५९ ला १४, ६० ते ६४ ला १८ आणि ६५ च्या पुढं २४ तास. आम्हाला ही रीत जास्त पटते. सहा सेकंदांची गोष्ट ऐकायला छान आहे, पण वय वाढलं की मुदत वाढली पाहिजे, हे मेंढरं राखणाऱ्या माणसाला चांगलं कळलं होतं.

आपल्याकडं काय? मुदत बहुधा सगळ्यांना एकच, बक्षिसांसाठी मात्र वयोगट असतात. जगभरच्या ज्येष्ठ खेळाडूंच्या स्पर्धांत ३५ पासून पुढं दर पाच वर्षांचा गट धरतात, डोंगरी धावण्याच्या जागतिक स्पर्धेतही तसंच आहे. काही ठिकाणी मात्र साठीच्या पुढच्या सगळ्या जणी एकाच गटात टाकतात. एकसष्टची आणि चौऱ्याहत्तरची एकाच रांगेत! हे बरोबर नाही, आणि नोंदणी करताना तसं लिहून कळवायला हरकत नाही. आणखी एक गंमत आपल्याकडचीच. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मागतात आणि आपल्यातल्या कितीतरी जणींची जन्मतारीख त्यावर १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. वय शर्यतीच्या दिवशीचं धरतात की वर्षाचं, ते बघा. कार्डावर दोन वर्षं कमी-जास्त असतील तर गट कार्डाप्रमाणेच मिळणार. तिथं वाद घालून उपयोग नाही.

बारामतीच्या लता करे यांचं नाव तुम्ही घ्याल. साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी धावून त्या जिंकल्या, पतीच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावरच्या चित्रपटासाठी खुद्द त्यांनाच राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्यांच्या जिद्दीला आमचा नमस्कार. पण ती शर्यत कमी अंतराची, बारामतीच्या सपाट रस्त्यावरची होती. ओल्या घाटात, दहा किलोमीटर उतारावर अनवाणी जाऊ नका. तळ रबरी, नक्षी खोल असलेले बूट घ्या, आणि बोटांपुढं अंगठ्याएवढी जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. बूट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. कपड्यांचं म्हणाल तर सलवार-कुडता चालतो, साडी नेसणारीनं ती घोट्याच्या वर आवळून नेसावी. आतले कपडे घट्ट आधार देणारे हवेत.

आता एक विषय जो बैठकीत मोठ्यानं बोलला जात नाही. उतारावर धावताना, शिंकताना लघवीचे थेंब येतात. बाळंतपणं झालेल्या, पाळी गेलेल्या बऱ्याच जणींना हा त्रास असतो आणि केवळ यापायी त्या धावणं सोडतात. आमच्या एका गटात एकीनं धीर करून हे सांगितलं, तेव्हा आणखी चौघींनी हात वर केले. यावर व्यायाम आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो तेच पाच सेकंद आवळायचे, सोडायचे, दहा वेळा, दिवसातून तीनदा, काही महिने. बसल्या जागी होतो, कुणाला कळतही नाही. फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर पॅड लावून धावा. पाणी पिणं बंद करणं हा उपाय नव्हे.

पाण्याचंही दोन्हीकडून सांभाळायचं. तहान लागेल तसं प्यावं. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि चक्कर, उलटी, गोंधळ सुरू होतो. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, तेच बरोबर ठेवा. रक्तदाब असलेल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारावं.

डॉक्टरांकडं एकदा जायचंच आहे. रक्तदाब, साखर, ईसीजी आणि हिमोग्लोबिन. देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. पन्नाशीपुढच्या त्यात मोजलेल्या नाहीत, पण आपण त्याच घरांतल्या, त्याच ताटातल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी ते वाढवा, शर्यत पुढच्या वर्षी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर धावताना एकदम उतरू शकते, त्या दिवशी डोस कसा घ्यायचा हे विचारून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळं घड्याळातली नाडी बघून वेग ठरवू नका. आणि गुडघा दुखू नये म्हणून पहाटे वेदनाशामक गोळी घेऊन निघायचं, हे अजिबात करू नका. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती मूत्रपिंडाला मारक ठरते.

छातीत दुखलं तरच हृदयाचं, असं समजू नका. बायकांत जबडा, पाठ, खांदा दुखणं, मळमळ, अचानक गळून जाणं, एवढंच होऊ शकतं, आणि आपण ते पित्तावर ढकलतो. चढावर असं काही झालं तर तिथंच बसायचं आणि स्वयंसेवकाला हाक मारायची.

नोंदणी फी गटाच्या खात्यातून द्यायची का, यावर आमच्या बैठकीत बराच वाद झाला. आमचं मत सांगतो. बचतीतून नको आणि कर्ज काढून तर नकोच. ज्यांना जायचं आहे त्यांनी महिन्याला थोडे थोडे वेगळे काढावेत, नोंदणी काही महिने आधीच करावी लागते, त्याआधी जमतात. एकीला जमत नसेल तर बाकीच्यांनी मिळून भरावेत. पहिल्या वर्षी २१ किलोमीटर धरायची सक्तीही नाही. कमी अंतराची शर्यत असेल तर ती घ्या.

छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागं आपला रक्तगट, चालू औषधं आणि घरच्याचा फोन लिहा. चारी कोपऱ्यांना पिना लावा. पावसाळी घाटात धुकं असतं, डांबरावर शेवाळ असतं, पांढऱ्या पट्ट्यावर पाय घसरतो, म्हणून पट्टा सोडून धावा.

येत्या रविवारी सकाळी सहाला टेकडीच्या पायथ्याशी जमायचं आहे. या खेपेला चढ सावकाश चालत आणि उतार फक्त अर्धा किलोमीटर. दुहेरी चष्मेवाल्यांनी जुना चष्मा घेऊन या. ज्यांचे रिपोर्ट आलेत त्यांनी तेही आणा, आपण मिळून वाचू.